फोनमधील बिनबोलावलेले पाहुणे

नव्या फोनमध्ये आपण न मागितलेली अ‍ॅप्स कंपनीच भरून देते. ती जागा अडवतात, डेटा खातात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चाळींत एकाच फोनवर आईचा पगार, मुलांचा अभ्यास आणि शिष्यवृत्तीचा अर्ज चालतो. तिथे हा भार परवडत नाही.

हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि आधीच भरलेली आपली अ‍ॅप्स लोकांना काढू द्या, असेही बजावले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला; अ‍ॅप काढू देण्याचा आदेश मात्र रद्द केला.

मग आपण काय करावे? सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’ उघडा. नको असलेले अ‍ॅप ‘अनइन्स्टॉल’ करा. तो पर्याय नसेल तर ‘डिसेबल’ करा. चूक झाली तर ते पुन्हा चालू करता येते.

कोणी ‘रूट’ करून देतो म्हणेल. रूट म्हणजे फोनचा मूळ ताबा आपल्या हाती घेणे. मग रंगरूपापासून सारे बदलता येते. पण त्यासाठी फोनचे आतले कुलूप उघडताना फोटो, कागदपत्रे पुसली जातात. बँकेची अ‍ॅप्स बंद पडू शकतात. गरजेचे अ‍ॅप उडाले तर फोन सुरूच होत नाही.

तरुणांनो, ही विद्या जरूर शिका. पण घरातल्या जुन्या, पडीक फोनवर! पारखल्याशिवाय काही स्वीकारू नका, ही तथागतांची शिकवण इथेही उपयोगी आहे. जयभीम!