उद्योगातील शब्दांचा प्रवास : शेरी, काजू, फेणी

वस्तूबरोबर शब्दही प्रवास करतो. स्पेनच्या काडिझ बंदरात पर्यटकांचे जहाज थांबले, की अनेक प्रवासी जवळच्या हेरेझ शहरातील जुनी मद्यकोठारे पाहण्यास जातात. तेथील द्राक्षमद्याचे नाव त्या शहराच्या ‘शेरीश’ या अरबी नावावरून आले. इंग्रजीत आधी ‘शेरिस’ हे रूप होते. त्यातील ‘स’ अनेकवचनाचा प्रत्यय समजून भाषकांनी तो गाळला आणि ‘शेरी’ हा शब्द घडला.

आपल्याकडे मुरगाव बंदरात उतरणाऱ्यांस गोव्यातील फेणीची भट्टी पाहता येते. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणले. ‘काजू’ हा शब्द तेथील तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आपल्याकडे आला. ‘फेणी’चे नाते मात्र संस्कृत ‘फेन’ म्हणजे फेस या शब्दाशी जोडले जाते. बोंडांच्या रसाला ‘नीरो’, तर पहिल्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या सौम्य मद्याला ‘उर्राक’ म्हणतात. गोव्याच्या काजू फेणीस २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव सुरक्षित होते. भट्टीवरील इतर शब्द मात्र काम करणाऱ्यांच्या तोंडीच जगतात.

हीच गोष्ट उसाच्या पट्ट्यातील गुऱ्हाळाची. काहील, चुलवण, आधण, मळी, काकवी, गुळव्या हे शब्द गुऱ्हाळ चालते तोवर ऐकू येतात. चुलवण विझले, की तेही हळूहळू विस्मरणात जातात.

स्वाध्याय : काष्टी किंवा आपल्या गावच्या परिसरातील एखाद्या जुन्या गुळव्यास भेटा. त्यांच्याकडून वीस शब्द अर्थासह, ते उच्चारतात तसेच नोंदवा.