सहल सिद्धार्थ उद्यानाची, कामाची गोष्ट फडातली


गळीत हंगाम सुरू होण्याआधी एक दिवस मुलाबाळांसह छत्रपती संभाजीनगरला जाऊन या, असे आम्ही सुचवितो. महानगरपालिकेचे सिद्धार्थ उद्यान व प्राणिसंग्रहालय मध्यवर्ती बसस्थानकाजवळच आहे. सकाळी लवकर पोहोचावे. ऊन चढले की जनावरे आडोशाला पडतात. साप्ताहिक सुट्टीची, तसेच प्राणी मिटमिट्याच्या नव्या जागेत हलले काय याची, आधी चौकशी करावी.

वाघ सगळेच बघतात. आपण बिबट्यापुढे थोडे जास्त थांबावे. बारा ते अठरा महिने उभा राहणारा ऊस त्याला जंगलासारखाच. मादी फडात पिले घालते अन् तोडणीच्या वेळी ती सापडतात. मांजराची समजून पोरं उचलायला जातात. तसे होऊ देऊ नका. तोड थांबवा, माणसे मागे घ्या आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करा. पिले जागेवरच राहिली तर मादी बहुधा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते.

दुपारी शिदोरी सोडावी, मग दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग गाठावी. तिथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. बांधावर लावायला आंब्याची खात्रीची कलमे मिळतील काय, ते विचारावे.

परतताना पोरांना विचारा, फडात पिलू दिसले तर काय करायचे? उत्तर बरोबर आले की सहलीचा खर्च वसूल!