मॉडिफाइड गाडीला इंजिन मॉनिटरिंग सिस्टीम: ग्राहकाला नेमकं काय बसवून द्यायचं?



गॅरेज, कार अ‍ॅक्सेसरीज किंवा ऑटो इलेक्ट्रिकल या लाइनमध्ये उतरू पाहणाऱ्यांसाठी आजचा विषय आहे. गाडी मॉडिफाय करणारा ग्राहक हौशी असतो, खर्चाला तयार असतो आणि काम आवडलं तर चार मित्र घेऊन येतो. पण याच ग्राहकाचं इंजिन तुमच्या कामानंतर दोन महिन्यांत बसलं तर तो ते चाळीस जणांना सांगतो. आणि मग प्रश्न उभा राहतो, बिल कुणी भरायचं? तुम्ही म्हणता त्याने गाडी रगडली, तो म्हणतो तुम्ही काम चुकीचं केलं. पुरावा दोघांकडेही नाही.

इंजिन मॉनिटरिंग सिस्टीम म्हणजे हा पुरावा. डॅशबोर्डवर रंगीत मीटर लावणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. म्हणून कोणती सिस्टीम घ्यायची हे ठरवताना कॅटलॉग उघडण्याआधी पुढच्या पायऱ्या नीट समजून घ्या.

पायरी १: आधी विचारा, हे इंजिन मरेल कशाने?

बरेच जण आधी ब्रँड ठरवतात, मग मीटर, आणि शेवटी गाडी बघतात. हा क्रम उलटा करा.

आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन, १२४८ सीसी. पुण्याजवळ रांजणगावला आणि हरियाणात मानेसरला बनलेलं हे इंजिन स्विफ्ट, डिझायर, पुंतो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत बसलं. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद केलं, तरी या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत आणि रिमॅप करून घेणारेही भरपूर आहेत.

डिझेलमध्ये ताकद वाढवायची म्हणजे मुख्यतः जास्त डिझेल आणि जास्त हवा. डिझेल वाढलं आणि त्या प्रमाणात हवा मिळाली नाही, की एक्झॉस्टचं तापमान चढतं. खंबाटकी किंवा आंबोली घाट, गाडीत पाच जण, एसी चालू, पाय पूर्ण दाबलेला, अशा वेळी ते सगळ्यात वर जातं. अ‍ॅल्युमिनियम साधारण ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. पिस्टनला तेल आणि पाणी थंड ठेवतं म्हणून तो टिकतो, पण त्या थंडाव्याला मर्यादा आहे. टर्बोच्या आधी मोजलेलं तापमान सतत ७०० अंशांच्या पुढे राहू लागलं की अनेक ट्युनर पाय काढायला सांगतात. म्हणून रिमॅप केलेल्या डिझेलला पहिला सेन्सर एक्झॉस्ट तापमानाचा, मग बूस्टचा, मग ऑइल प्रेशरचा.

टर्बो पेट्रोलचं गणित वेगळं. तिथे जोरात असताना पेट्रोल कमी पडलं तर धोका. मिश्रण पातळ होतं, उष्णता वाढते, नॉकिंग सुरू होतं आणि काही सेकंदांत पिस्टनचं नुकसान होऊ शकतं. पेट्रोलचं आदर्श मिश्रण म्हणजे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, पण बूस्टमध्ये ते याहून बरंच गडद ठेवावं लागतं. म्हणून इथे पहिला सेन्सर वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर.

लक्षात आलं ना? दोन ग्राहक, दोघांचं बजेट सारखं, पण दोघांना वेगळी सिस्टीम. दोघांना एकच ‘तीन मीटरचा सेट’ विकणारा दुकानदार एकाची फसवणूक करतोय, भले त्याच्या मनात तसं नसेल.

पायरी २: गाडीत जे आधीच आहे त्याची मर्यादा ओळखा

ग्राहक म्हणेल, “साहेब, काही शे रुपयांचं ब्लूटूथ डोंगल मिळतंय, मोबाइलवर सगळं दिसतं. मग हे कशाला?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे पाहिजे.

आपल्याकडे बीएस-४ च्या काळात गाड्यांमध्ये ओबीडी आलं आणि एप्रिल २०१३ पासून त्याचा दुसरा टप्पा लागू झाला. स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटमधून आरपीएम, कूलंटचं तापमान, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, मॅनिफोल्ड प्रेशर आणि फॉल्ट कोड मिळतात. साध्या गाडीला एवढं पुरतं. मॉडिफाइड गाडीला तीन ठिकाणी अडतं.

एक, ऑइल प्रेशर. बहुतेक गाड्यांमध्ये त्याचा सेन्सर नसतो, फक्त एक स्विच असतो. प्रेशर जवळजवळ संपलं की लाल दिवा लागतो. म्हणजे आग लागल्यावर वाजणारी घंटा. आणि जे गाडी मोजतच नाही ते डोंगल दाखवणार कुठून?

दोन, बूस्ट. ओबीडीमध्ये मॅनिफोल्ड प्रेशरचा जो नेहमीचा आकडा येतो तो एका बाइटमध्ये असतो, त्यामुळे तो २५५ किलोपास्कलच्या वर जाऊच शकत नाही. त्यातून वातावरणाचा दाब वजा केला तर साधारण दीड बार बूस्ट उरतं. रिमॅपनंतर बूस्ट त्याच्या पुढे गेलं तरी मोबाइलवरचा आकडा तिथेच थांबलेला दिसेल आणि ग्राहक निर्धास्त राहील.

तीन, वेग. जुन्या गाड्यांमध्ये के-लाइन नावाची पद्धत आहे, तिचा वेग सेकंदाला जेमतेम १०.४ किलोबिट. नव्या गाड्यांतल्या कॅन बसचा साधारण ५०० किलोबिट. जुन्या गाडीत मोबाइलवर एकदम सहा आकडे लावले तर प्रत्येक आकडा उशिरा बदलतो. कूलंटला ते चालतं, कारण पाणी हळू तापतं. बूस्ट आणि मिश्रण क्षणात बदलतात, तिथे नाही चालत.

आणखी एक. डॅशबोर्डवरची तापमानाची सुई बऱ्याच गाड्यांत मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेली असते, म्हणजे किरकोळ चढउतार बघून मालक घाबरू नये. तिच्यावर भरवसा ठेवू नका.

पायरी ३: चार पर्यायांतून एक निवडा

*डोंगल आणि मोबाइल.* गाडी स्टँडर्ड असेल किंवा बदल फक्त दिसण्यापुरते असतील तर हेच द्या. विनाकारण महाग माल गळ्यात मारू नका.

*सुटे मीटर.* एक किंवा दोन गोष्टीच बघायच्या असतील तर उत्तम. नजरेला सोपे, एक बिघडला तरी दुसरा चालतो. पण घेताना बघा की अलार्म आहे का. घाटात ओव्हरटेक करणारा माणूस मीटर बघत नाही, रस्ता बघतो. त्याला दिवा आणि बझर हवा.

*डिजिटल डिस्प्ले आणि लॉगर.* चारपेक्षा जास्त गोष्टी बघायच्या असतील तर एकच स्क्रीन स्वस्त पडते. कॅन बसमधून गाडीचे आकडे घेते, शिवाय बाहेरून लावलेल्या ० ते ५ व्होल्टच्या सेन्सरचेही घेते आणि सगळं मेमरीत साठवते. मी सुरुवातीला ज्या पुराव्याबद्दल बोललो तो इथे मिळतो.

*स्टँडअलोन ईसीयू आणि त्याचा डॅश.* ही रॅली आणि ट्रॅकची दुनिया. इथे सिस्टीम नुसती दाखवत नाही, प्रेशर पडलं तर इंजिनची ताकद कमी करते किंवा बंदच करते. नवीन गॅरेजने पहिल्याच वर्षी यात हात घालू नये. आधी तिसरा पर्याय पक्का करा.

खरेदीआधी सप्लायरला पाच प्रश्न विचारा: सेन्सर सुटा मिळतो का आणि किती दिवसांत? वॉरंटी कोण देणार, तुम्ही की कंपनी? लॉग साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतो का? उन्हात स्क्रीन दिसते का? या मॉडेलच्या कॅन बसवर चाललेली गाडी दाखवाल का? पाचातली तीन उत्तरं गोलमोल आली तर दुसरा सप्लायर शोधा.

पायरी ४: फिटिंग हाच तुमचा धंदा

मीटर ऑनलाइन कोणीही मागवतो. पैसे तुम्हाला फिटिंगचे मिळणार आहेत, आणि बदनामीसुद्धा फिटिंगचीच होते. हे मुद्दे वर्कशॉपच्या भिंतीवर लावा:

• ऑइल सेन्सरचे आटे तपासा. अमेरिकन एनपीटी आणि जपानी गाड्यांतले बीएसपीटी आटे १/८ इंचात जवळजवळ सारखे दिसतात, पण एकाला इंचात २७ आटे, दुसऱ्याला २८. जबरदस्तीने पिळलं तर ब्लॉकचं नुकसान. योग्य अ‍ॅडॅप्टर ठेवा.

• ऑइलची किंवा इंधनाची नळी केबिनमध्ये आणू नका. नळी फुटली तर गरम ऑइल पायावर. इलेक्ट्रिक सेंडर वापरा, केबिनमध्ये फक्त वायर येऊ द्या.

• एक्झॉस्ट तापमानासाठी के-टाइप थर्मोकपल लावताना वायर वाढवायची झाली तर त्याच प्रकारची वायर लागते. साधी तांब्याची वायर जोडली की आकडा चुकतो.

• मॅनिफोल्डला भोक पाडायचं तर तो खाली उतरवून पाडा. धातूचा कीस टर्बोच्या पंख्यात गेला तर वाचवलेले दोन तास फार महाग पडतात.

• वाइडबँड सेन्सर आडवा लावू नका, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर झुकलेला हवा, नाहीतर त्यात पाणी साचतं. इंजिन चालू असताना त्याचा हीटरही चालू पाहिजे.

• प्रत्येक लाइनला फ्यूज द्या आणि सगळ्या सेन्सरचं अर्थिंग एकाच जागी घ्या.

पायरी ५: आधीची नोंद, नंतरची नोंद

मित्रांनो, हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. मॉनिटरिंग सिस्टीम मॉडिफिकेशनच्या *आधी* बसवा.

गाडी मूळ अवस्थेत असताना एकच रस्ता, एकच गिअर, तितकीच माणसं ठेवून फेरी मारा आणि लॉग साठवा. गरम इंजिनवर ऑइल प्रेशर किती, हे लिहा. दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय असा जुना ठोकताळा आहे, पण खरा मापदंड म्हणजे त्या गाडीचा स्वतःचा आकडा. मग काम करा, पुन्हा तीच फेरी मारा, पुन्हा लॉग. दोन्हीची प्रिंट काढून ग्राहकाची सही घ्या, एक प्रत त्याला, एक तुमच्या फाइलला.

याने दोन गोष्टी होतात. इंजिन आधीच थकलेलं असेल तर काम हातात घेण्याआधी कळतं आणि तुम्ही नम्रपणे नाही म्हणू शकता. आणि पुढे वाद झाला तर लॉग बोलतो. त्यात तुमची चूक निघाली तरी ती कुठे झाली हे कळतं, पुढच्या गाडीवर ती होत नाही.

पायरी ६: कायदा आणि कॉस्टिंग

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील आणि कंपनीचे मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसता मीटर बसवणं वेगळं आणि इंजिन बदलणं वेगळं. ग्राहकाला हे आधी सांगा, विमा कंपनीला कळवायला सांगा, आणि ट्रॅक-रॅलीच्या गाडीचं काम रस्त्यावरच्या गाडीपासून वेगळं ठेवा.

आता कॉस्टिंग. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे तुम्ही टाका. सामान १८,०००. फिटिंग, वायर, फ्यूज १,२००. मजुरी ७ तास, तासाला ४०० प्रमाणे २,८००. टेस्ट फेरी, लॉग वाचणं आणि महिन्याने मोफत तपासणी, २ तास, ८००. भाडं, वीज, हत्यारांचा वाटा १,२००. एकूण २४,०००. यात १५ टक्के नफा धरला, म्हणजे ३,६००, तर दर झाला २७,६००, जीएसटी लागू असेल तर वेगळा.

आता बाजारातला नेहमीचा भाव बघा: “सामान १८ आणि फिटिंगचे दोन हजार द्या.” म्हणजे २०,०००. प्रत्येक गाडीमागे चार हजार खिशातून! गॅरेज गर्दीने भरलेलं दिसतं आणि महिनाअखेर भाडं निघत नाही, ते असं.

ग्राहकाला २७,६०० जास्त वाटले तर भाव कमी करू नका, सिस्टीम कमी करा. दोन सेन्सरऐवजी एक द्या, पण तो एक योग्य द्या. नोंद मात्र एकही वगळू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या भागात सगळ्यात जास्त मॉडिफाय होणारी एक गाडी निवडा. एका कागदावर लिहा: हिचं इंजिन कशाने मरू शकतं, त्यासाठी कोणता सेन्सर, ओबीडीवर काय मिळतं, काय मिळत नाही, आणि तुमचं पूर्ण कॉस्टिंग. फक्त एका गाडीचं, पण पक्कं. ते तयार झालं की तुमच्याकडे विकण्यासारखं पहिलं पॅकेज आहे. कोणती गाडी निवडली ते कमेंटमध्ये जरूर लिहा.

भेटूया पुढच्या भागात. काम चोख ठेवा, हिशोब त्याहून चोख ठेवा!