‘अनुदान आलं का?’

बीड जिल्ह्यात बँकेच्या दारात हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा त्या एका ‘अनुदाना’त तीन वेगळे पैसे असतात: पीकविमा, अतिवृष्टीची मदत आणि पीएम किसानचा हप्ता. तिघांचे नियम वेगळे आहेत. ते एकमेकांत मिसळले की नुकसान शेतकऱ्याचंच होतं.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘तलाठ्यानं पंचनामा केला, आता विमा मिळणार.’ पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, विम्याचं गणित वेगळं आहे. 2025 च्या खरिपापासून राज्यानं एक रुपयातला विमा बंद केला. सोयाबीनला विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत आणि कापसाला 5 टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याकडे आला. त्याच वेळी नुकसान 72 तासांत कळवून मिळणारी, स्थानिक आपत्तीची भरपाईही वगळली गेली. भरपाई ठरणार ती पीक कापणी प्रयोगावरून, तीही अख्ख्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. म्हणजे सिंदफणा नदीच्या पाण्यात तुमचं रान खरडून गेलं, पण मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या (विम्यासाठी ठरवलेल्या किमान पातळीच्या) वर राहिली, तर विम्याचा एक रुपयाही येत नाही. माझ्या मते हा बदल कोरडवाहू शेतकऱ्यावर अन्याय करणारा आहे.

दुसरीकडे, ‘विमा भरला म्हणून अतिवृष्टीची मदत मिळणार नाही’ हेही खोटं. विमा हा करार आहे, मदत आपत्ती निधीतून येते. पात्र असाल तर दोन्हींवर तुमचा हक्क आहे. सप्टेंबर 2025 च्या पुरानंतर हेक्टरी दर जिरायतीला 8,500, बागायतीला 17,000 आणि फळबागेला 22,500 रुपये होता, 3 हेक्टरच्या मर्यादेत. त्याशिवाय रब्बीच्या बियाण्यांसाठी वगैरे हेक्टरी 10,000 जाहीर झाले. ही मदत बँकेनं कर्जापोटी वळती करायची नसते.

‘विमा म्हणजे सरकारची खैरात’ असं शहरात सर्रास बोललं जातं. पण तो हप्ता घेऊन केलेला व्यवहार आहे, आणि त्यातला नफा-तोटा कसा वाटायचा ते बीडमध्येच ठरलं. 2020 मध्ये बीडचा विमा घ्यायला एकही खासगी कंपनी पुढे येईना. तेव्हा भारतीय कृषी विमा कंपनीला घेऊन 80:110 चं सूत्र ठरलं. भरपाई हप्त्याच्या 110 टक्क्यांपुढे गेली तर वरचा भार राज्याचा. भरपाई 80 टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीनं हप्त्याचे 20 टक्के ठेवून बाकी राज्याला परत द्यायचे. हाच ‘बीड पॅटर्न’. 2022 पासून तो राज्यभर लागू झाला.

पीएम किसानचे 6,000 आणि राज्याच्या नमो योजनेचे 6,000 वर्षाला कुटुंबागणिक मिळतात. नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं मिळून एक कुटुंब. हप्ता थांबला की ‘यादीतून नाव काढलं’ अशी समजूत होते. बहुतेकदा ई-केवायसी, जमिनीची नोंद नाहीतर आधारची जोडणी अडलेली असते. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातीलच असं नाही. ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलंय तिथे जातात. मागे एखाद्या दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल, तर आधी तिथलं पासबुक भरून घ्यावं. ऊसतोडीला गेलेल्यांना केवायसीसाठी फडावरून गावी यायची गरज नाही; पीएम किसानच्या ॲपवर चेहरा दाखवूनही ती होते.

आणि बटईनं शेती करणारा? अतिवृष्टीची मदत सातबाऱ्यावरच्या नावाला जाते, पीएम किसानही जमीनधारकालाच. वारसनोंद न झालेली विधवाही तशीच बाहेर राहते. तिनं हप्त्याची चौकशी करण्याआधी तलाठ्याकडे वारसाचा अर्ज द्यावा. त्या नोंदीवर तिची शेतजमिनीशी जोडलेली पुढची मदत अवलंबून आहे.