बावीस किलो

डिचोलीच्या बाजारात भज्यांच्या एका गाड्यावर साखरेच्या डब्याला झाकण म्हणून फोनोची प्लेट ठेवली होती. मुंग्या शिरू नयेत म्हणून मधल्या भोकात बूच बसवलेले. लेबल तेलकट हातांनी पुसट झाले होते, पण कर्ण्यासमोर बसलेला तो कुत्रा कुठेही ओळखू येतो. कुठून आणली, असे विचारल्यावर गाडेवाला म्हणाला, "सर्वणच्या भंगारअड्ड्यावरून. फुकट दिली." चहा अर्धा टाकून मी स्कूटर काढली.

जुन्या रेकॉर्डी शोधत मी बरीच वर्षे फिरतो आहे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, मुंबईच्या चोरबाजारातली मटण स्ट्रीट, पुण्याचा जुना बाजार. तिथल्या दुकानदाराला आपल्याकडे काय आहे ते पक्के ठाऊक असते. लेबल, गायकाचे नाव, साल बघून तो भाव सांगतो. 1964-65च्या सुमाराला बीटल्सची गाणी भारतात लाखेच्या तबकड्यांवर निघाली होती. जगात इतरत्र तोवर या तबकड्या जवळपास बंद झाल्या होत्या, म्हणून आज परदेशातले संग्राहक आपल्याकडच्या त्या तबकड्यांसाठी जीव टाकतात. ही सगळी माहिती चोरबाजारात मुरलेली आहे. भंगारअड्ड्यावर मात्र वस्तूला नाव नसते, फक्त वजन असते. आणि गोव्यातल्या जुन्या घरांतले संगीत आधी तिथेच येऊन पडते, हे मला सर्वणला जाईपर्यंत उमगले नव्हते.

अड्डा म्हणजे पत्र्याचे कुंपण, वर निळी ताडपत्री आणि आत लोखंडाचे डोंगर. 2012मध्ये खाणी बंद पडल्यावर या भागातले कितीतरी टिपर ट्रक भंगारात निघाले. त्यांचे अवशेष अजून कोपऱ्यात होते. गंज, जळके ऑईल आणि ओला पुठ्ठा यांचा मिळून एक वास येत होता. माल येतो, वेगळा होतो, वजन होते, ट्रक भरून जातो. हे सगळे एक काकी बघते. साठीच्या आसपासची, कमरेला लोहचुंबक दोरीने बांधलेला. कुठलाही धातू आला की आधी चुंबक लावायचा, मग बोटाच्या पेराने टकटक करायची. पितळ, काशे, जर्मन हे सगळे ती आवाजावरून सांगते.

प्लेटींचे विचारले तर ती म्हणाली, "बावीस किलो आशिल्ले, बाब. हांवेंच वजन केल्लें."

जवळच्याच गावातल्या एका घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा माळ्यावरचा माल आला. त्यात चावीचा फोनो होता, पितळी कर्ण्याचा. किनारपट्टीवरचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आला आणि फोनो घेऊन गेला. प्लेटींची पेटी त्याने पायाने बाजूला सारली. आता तो कर्णा कुठल्या तरी हॉटेलात दारापाशी उभा असेल, आणि त्यातून पुन्हा कधी सूर निघणार नाही. त्या व्यापाऱ्याचा मला मनापासून राग आला, अजून आहे.

बावीस किलो. दहा इंची लाखेची तबकडी साधारण पाव किलोची. म्हणजे नव्वदच्या आसपास तबकड्या, दोन्ही बाजू धरून एकशेऐंशी गाणी. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. नऊ तासांहून जास्त गाणे काकीने काट्यावर तोलले होते.

"मग झाले काय त्यांचे?"

तिने जे सांगितले ते ऐकून मी तिथल्या पिंपावर बसलो. भंगारात प्रत्येक वस्तूला तिचा ढीग असतो. प्लेटींना नव्हता. प्लास्टिकवाला म्हणाला, हे प्लास्टिक नव्हे. काचवाल्यानेही नको म्हटले. लाख आणि दगडाची भुकटी कोण विकत घेणार? पाऊस आला, ताडपत्री फाटली, कागदी पाकिटे भिजून चिकटली, वर पांढरी बुरशी धरली. काही मुलांनी तळ्यात भिरकावल्या. काही गाडेवाल्यांना दिल्या. चार-पाच काट्याचा पाय लंगडत होता म्हणून त्याच्याखाली सारल्या. बाकीच्या अशाच फुटून गेल्या. काकी हे सांगताना ओशाळली नाही आणि ओशाळण्याचे कारणही नव्हते. ज्या घराने त्या विकल्या, तिथेच कोणी एकदा पाकीट उघडून पाहिले नव्हते.

सात उरल्या होत्या. त्या तिने स्वतःहून बाजूला ठेवल्या होत्या. का, तर त्यांचा आवाज चांगला होता. वाजवून नव्हे. मधल्या भोकात करंगळी घालून तिने एक प्लेट उचलली आणि कडेला पेराने टकटक केली. खणखणीत नाद. दुसरी, जिला नजरेला न दिसणारी चीर होती, ती बद्द वाजली. मडके घेताना आपण बघतो तसे. लाखेची तबकडी पारखायची हीच रीत आहे. मला ती एका मुरलेल्या संग्राहकाने शिकवली होती, काकीला काशाच्या ताटांनी.

पायरीवर बसून मी सातही धोतराच्या तुकड्याने पुसल्या, नुसत्या पाण्याने. लाखेला स्पिरिट लागले की ती विरघळते. एक तबकडी तळव्याखाली घासताना किंचित कोमट झाली आणि मला पोस्टातल्या पार्सलवर लाख वितळवायचे तो वास आला. निदान तसे वाटले. त्या वासासाठी मी नंतर तिथे पुन्हा पुन्हा गेलो. दोन हिंदी चित्रपटांच्या होत्या, एक कोकणी गाण्याची, तीन भजनांच्या. सातवी मास्टर दीनानाथांचे नाट्यपद. तिच्या कडेचा एक लचका तुटलेला, दोन बोटे रुंद.

दीनानाथ मंगेशीचे, 1900चा जन्म, 1942ला गेले. गोव्यात जत्रेच्या नाटकात उभे राहणाऱ्या किती गावकऱ्यांनी त्यांच्या ताना फोनोवरून उचलल्या असतील! गुरू परवडत नसे, मुंबईहून ट्रंकेतून आलेली प्लेट परवडे. सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवून चरे पांढरे पडेपर्यंत पदे बसवली जात. या सातव्या तबकडीवरही एका जागी असा पांढरा पट्टा होता. त्या घरातले कोणीतरी ती एकच जागा घोटत राहिले होते.

"केसरबाईंची होती का हो त्यात?" मी विचारले. मी सगळीकडे विचारतो. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी 1977मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत गेली. दुसरे यान सुटल्यावर अकराच दिवसांनी, 16 सप्टेंबरला, त्या वारल्या. काकीला मी हे सांगितले. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, म्हटल्यावर तिचे हात थांबले.

"तांब्याची?"

तिच्याकडे तांब्याचा ढीग सगळ्यात लहान आणि कुलपात असतो. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "म्हळ्यार ती कोण उडोवचें ना."

ती कोणी टाकणार नाही. खरे आहे. ती यानावरची. आपल्या माळ्यांवरच्या लाखेच्या आहेत. त्यांची नोंद ठेवणारी माणसे आहेत. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स 1990पासून मुंबईतून हे काम करते आहे. पण माळा रिकामा होतो त्या दुपारी त्यांच्यापैकी कोणी तिथे नसते. तिथे टेम्पो असतो, काटा असतो आणि काकी असते. म्हणून मला वाटते, शोध घेणाऱ्याने ओळख वाढवायची ती भंगारअड्ड्यावरच्या माणसांशी.

पुढच्या रविवारी मी माझा पेटीतला चावीचा फोनो घेऊन गेलो. काकीने टेबल म्हणून एक ड्रम उपडा केला. नवी सुई लावली, चावी भरली. तबकडी बाहेरून आत वाजते, त्यामुळे कडा तुटली की गाण्याची सुरुवात जाते. तुटलेल्या भागाच्या आत मी सुई टेकवली. आधी नुसती खरखर, मग एकदम वरच्या पट्टीतली तान, मध्येच पकडलेली, जणू दार उघडले तेव्हा आत गाणे रंगात आले होते. तांब्याच्या तारेवरचे आवरण सोलत काकी ऐकत होती. पांढऱ्या पट्ट्यापाशी आवाज खरवडल्यासारखा झाला, पुन्हा वर आला, आणि संपला.

"सुरवात खंय गेली?" तिने विचारले.

तुटलेल्या तुकड्यात, मी म्हणालो. तबकडी उचलून कडेचा लचका दाखवला. काकीने त्यावरून बोट फिरवले, मग अंगठा आणि तर्जनी पसरून त्याचे माप घेतले. बाजूची लोखंडी आकडी उचलून ती काचेच्या ढिगाकडे गेली आणि ते माप तसेच हवेत धरून एका हाताने ढीग उकरू लागली.