निजण्याच्या खोलीतील हवा आणि विद्यार्थ्याची झोप

पावसाळ्यात मावळातील शाळांतून पहिल्याच तासाला काही मुले जांभया देताना आढळतात. रात्री आठनऊ तास निजूनही त्यांचे डोके जड असते, घसा कोरडा असतो व गणितात चित्त लागत नाही. अशा मुलास आळशी ठरविण्याचा मोह होतो. परंतु दोष पुष्कळदा मुलाचा नसून, ते ज्या खोलीत निजते त्या खोलीतील हवेचा असतो.

हवा कशी बिघडते?

बाहेरच्या हवेत कर्बाम्ल वायूचे, म्हणजेच कार्बन डायऑक्साइडचे, प्रमाण आज शेकडा ०.०४ च्या आसपास आहे. उच्छ्वासात ते शेकडा ४ च्या सुमारास असते. निजलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे १२ लिटर हा वायू बाहेर टाकतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व नऊ फूट उंच खोलीत ९०० घनफूट, म्हणजे सुमारे २५,५०० लिटर हवा मावते. तीत तीन माणसे दारे-खिडक्या घट्ट लावून निजली, तर तासाभरात ३६ लिटर वायूची भर पडून त्याचे प्रमाण शेकडा ०.१८ पर्यंत चढते. फटींतून थोडी हवा ये-जा करते, म्हणून प्रत्यक्षातील वाढ याहून मंद असते. तरी पहाटेपर्यंत खोली कोंदट होतेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा खोलीतील प्राणवायू संपत नाही. त्याची घट अल्पच असते. वाढतात ते कर्बाम्ल वायू, ओलावा, दर्प आणि खोकणाऱ्याच्या श्वासातील जंतू.

लोणावळ्याचे व डेन्मार्कचे प्रयोग

स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास स्थापन केलेल्या कैवल्यधाम संस्थेतील संशोधकांनी हवाबंद खड्ड्यात राहणाऱ्या व्यक्तींचा शास्त्रीय अभ्यास केला व तो १९६८ साली प्रसिद्ध केला. भूगर्भ समाधीसारख्या गूढ वाटणाऱ्या गोष्टीचाही विचार श्वासाच्या हवेच्या मोजमापाने करता येतो, हे त्यांनी दाखविले. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या निजण्याच्या खोल्यांत केलेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. खोलीत ताजी हवा अधिक आली, तेव्हा विद्यार्थ्यांची झोप सुधारली, दुसऱ्या दिवशी पेंग कमी आली आणि तर्काच्या चाचणीतील त्यांचे यशही वाढले.

मावळातील घरे

लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पश्चिमेची झड अडविण्यासाठी घराला पेंढ्याचा अगर प्लॅस्टिकचा आडोसा करतात, खिडक्या लावून घेतात आणि सारे कुटुंब एका खोलीत निजते. जुन्या कौलारू घरात कौलांच्या सांध्यांतून हवा खेळत असे. आज स्लॅबच्या घरात सरकत्या काचा लावल्या की तेवढीही वाट उरत नाही. भिंतींना ओल येते, बुरशी धरते व दम्याच्या मुलास त्रास होतो. त्यात चुलीचा आणि डासांच्या कॉइलचा धूर मिसळतो. मूल थंडीने डोक्यावरून पांघरूण घेते व आपलाच उच्छ्वास पुन्हा आत ओढते.

सर्वांत मोठा धोका पेटत्या कोळशाच्या शेगडीचा. बंद खोलीत तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. निजलेल्या माणसास तो जागे होण्याची संधी देत नाही. उबेसाठी निजण्याच्या खोलीत शेगडी कदापि ठेवू नये.

आजारातून उठताना

तापातून अगर खोकल्यातून उठलेल्या मुलास शांत झोपेची अधिक गरज असते. धुरकट हवेने त्याचा घसा चुरचुरतो व झोप मोडते. क्षयावर गुणकारी औषधे निघण्यापूर्वी आरोग्यधामांत रोग्यांच्या खाटा मोकळ्या हवेत ठेवीत. खेळती हवा हा औषधास पर्याय नव्हे. परंतु तिने हवेतील जंतू विरळ होतात व घरातील इतरांस संसर्गाचा धोका कमी होतो.

शिक्षकांनी काय करावे?

१. चुन्याची निवळी दाखवावी. थोडा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा व वरचे स्वच्छ पाणी काढून घ्यावे. त्यात नळीने हलकेच फुंकर घातली की ते दुधाळ होते. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा. निवळी तोंडात वा डोळ्यांत जाऊ देऊ नये.

२. मुलांकडून आपापल्या खोलीची लांबी, रुंदी व उंची मोजवून घनफळ काढवावे आणि त्यास निजणाऱ्यांच्या संख्येने भागावयास लावावे. घनफळाचा पाठ व आरोग्याचा पाठ एकदमच होतात.

३. पालकसभेत सांगावे की, झड पश्चिमेची असेल तर पूर्वेची खिडकी वीतभर उघडी ठेवावी आणि भिंतीत उंचावर जाळीचा झरोका असावा. ऊन हवा वर चढून त्यातून निघून जाते. महामार्गालगतच्या घरांनी रस्त्याकडील खिडकी सोडून दुसऱ्या बाजूची उघडावी.

४. कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरण्यास सांगावे. चूल निजण्याच्या खोलीत नसावी.

५. पहाटे बाहेर जाऊन परत खोलीत यावे व वास घ्यावा. कोंदट वास आला, तर हवा अपुरी आहे असे समजावे. या परीक्षेस खर्च नाही.

वर्गात पेंगणाऱ्या मुलास उभे करण्यापूर्वी शिक्षकाने त्यास एकच प्रश्न विचारावा : “बाळ, रात्री तुमच्या खोलीची खिडकी उघडी होती का?” त्या उत्तरावरून पुष्कळदा शिक्षेऐवजी त्याच्या घरी एक फेरी घालणेच इष्ट ठरेल.