जाहिरातीचाही काळ पाहावा

औषध कितीही उत्तम असले तरी ते केव्हा द्यावे, याचा विचार आपल्या शास्त्राने बारकाईने केला आहे. सुश्रुतांनी औषधसेवनाचे दहा काळ सांगितले, शार्ङ्गधरांनी पाच. अपानाच्या विकारात भोजनापूर्वी औषध देणारे आपण वैद्य इंटरनेटवरील जाहिरात मात्र अहोरात्र चालू ठेवतो. आमच्याकडून हीच चूक घडली.

काही वर्षांपूर्वी आम्ही दवाखाना व त्यास जोडून असलेले औषधी दुकान यांची जाहिरात गूगलवर दिली. काम एका मध्यस्थाकडे सोपविले होते. वेळेचे बंधन घातलेले नव्हते. एके सकाळी दूरध्वनीवर एकाच क्रमांकाचे चार अनुत्तरित कॉल दिसले. रात्री दीडच्या सुमारास ते आले होते. आम्ही उलट फोन केला. वडिलांच्या छातीत जळजळ होत होती, घरच्यांना ते आम्लपित्त वाटले, शोध घेताच आमची जाहिरात व फोनची कळ समोर आली. आम्ही फोन उचलू या आशेवर त्यांचा पाऊण तास गेला. पहाटे रुग्णालयात हृदयविकाराचे निदान झाले. सुदैवाने ते वाचले. परंतु त्या पाऊण तासाचा विचार आमच्या मनातून अद्याप जात नाही.

त्या दिवशी आम्ही प्रथम जाहिरातीस वेळ बांधून दिली. गूगलच्या जाहिरात व्यवस्थेत वार व तास निवडण्याची सोय आहे. पंधरा मिनिटांच्या अंतराने वेळ ठरविता येते. आमचा दवाखाना सकाळी साडेनऊ ते एक व सायंकाळी पाच ते नऊ उघडा असतो. फोनची कळ असलेली जाहिरात आता त्याच वेळेत, तीही बंद होण्यापूर्वी अर्धा तास थांबते. औषधे घरपोच देणाऱ्या दुकानदारास रात्रीची जाहिरात उपयोगी पडू शकते. मात्र तीत फोनऐवजी मागणी नोंदविण्याचा अर्ज असावा आणि ‘उत्तर सकाळी मिळेल’ असे स्पष्ट लिहावे.

कोणता तास फलदायी, हे अनुमानाने ठरवू नये. गूगलच्या अहवालात तासागणिक व वारागणिक आकडे मिळतात. परंतु कळ दाबणारा प्रत्येक जण रुग्ण होत नाही. म्हणून आम्ही काउंटरवर एक साधी वही ठेवली. कॉल केव्हा आला, उचलला गेला का, ती व्यक्ती प्रत्यक्ष आली का, एवढेच तीत लिहिले. किमान चार आठवड्यांच्या नोंदींवाचून निर्णय घेऊ नये. दोन-चार दिवसांचे आकडे फसवितात. आमच्याकडे सर्वाधिक कळा रात्री दहानंतर दाबल्या जात होत्या, तर प्रत्यक्ष येणारे रुग्ण बहुधा सकाळी फोन करणारे होते. अधिक कळा म्हणजे अधिक लाभ, हा आमचा समज त्या वहीने दूर केला.

दोन व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खात्याचा देश-काळ उघडतानाच भारतीय प्रमाणवेळेनुसार निवडावा, कारण सर्व तास त्यावरून मोजले जातात. दुबईतील मराठी कुटुंबांसाठी जाहिरात असेल तर तेथील रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेनऊ, हे गणित आपणच करावयाचे असते. तसेच एखाद्या दिवशी ठरविलेल्या दैनिक रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो. तेव्हा रक्कम बेतानेच लिहावी.

तासाप्रमाणे ऋतूचाही विचार व्हावा. वसंतात वमन, वर्षेत बस्ती, शरदात विरेचन हा क्रम आपणांस ज्ञात आहेच. स्नेहपानादी पूर्वकर्मास दिवस लागतात. शिवाय नोकरदार रुग्णास रजा काढावी लागते. म्हणून ऋतू लागण्यापूर्वी दोन-तीन आठवडे माहिती पोहोचली पाहिजे. ऋतू सरल्यावर ती जाहिरात बंद करण्याची आठवणही दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.

वेळ साधली तरी मजकुराची मर्यादा सुटत नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार मधुमेह, कर्करोग आदी विकार बरे करण्याचे दावे जाहिरातीत करता येत नाहीत. व्यावसायिक आचारसंहिताही आहेच. व्यक्तीच्या आजारावरून तिचा पाठलाग करणाऱ्या जाहिरातींना गूगलचे नियमही मज्जाव करतात. स्थळ, वेळ व उपलब्ध सेवा एवढेच सांगणारी जाहिरात आम्हांस पुरेशी वाटते.

वैद्यबंधू-भगिनींस व दुकानदार मित्रांस आमची एवढीच विनंती की, आज रात्री दवाखाना बंद केल्यावर स्वतःच्याच जाहिरातीवरील कळ दाबून पाहावी. तो फोन उचलणारे कोणी नसेल, तर उद्या सकाळी पहिले काम जाहिरातीची वेळ बांधण्याचे करावे.